पाण्यातलं घड्याळ: गरी टाकणाऱ्यांचे आणि पोहणाऱ्यांचे प्रश्न

गोव्यात यांत्रिक होड्यांची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि मासेमारीचं सामान पुन्हा बाहेर निघतं. गेल्या महिन्यात घड्याळांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: मी खडकावरून गरी टाकतो, कधी होडीतून जातो, रविवारी मुलांबरोबर समुद्रात पोहतो. दोन घड्याळं पाणी शिरून गेली. दुसऱ्यावर तर ५० मीटर छापलं होतं आणि मी छातीभर पाण्यापलीकडे कधी जात नाही. तीन-चार हजारांत टिकेल असं काय घ्यावं? (वाचक, बेतूल)

तो ५० मीटरचा आकडा नव्याकोऱ्या घड्याळाचा असतो. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे ५० मीटर झाले पाच बार. साध्या ‘वॉटर रेझिस्टंट’ घड्याळांना आयएसओ २२८१० हे मानक लागतं. त्यात लॉटमधले नमुने तपासले तरी चालतं. पाणबुड्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. तिथे प्रत्येक नग छापील खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावा लागतो आणि १०० मीटरच्या खालचं घड्याळ त्यात बसतच नाही.

पोहताना हात मारल्याने दाब कैक पटीने वाढतो, म्हणून ५० मीटरचं घड्याळ पाच मीटरलाच जातं, असं दुकानात छातीठोकपणे सांगतात. हिशेब करून पाहा. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरला तर वाढणारा दाब जेमतेम २० सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. तीन मीटर उंच धक्क्यावरून उडी मारली तर पाण्याला टेकताना वेग सेकंदाला पावणेआठ मीटरच्या आसपास, आणि दाब तीन मीटर पाण्याएवढा. पाच बार सोसणाऱ्या घड्याळाला यात काहीच नाही. तुमचं घड्याळ हाताच्या वेगाने गेलेलं नाही, वॉशरने गेलेलं आहे.

पाणी आत यायला तीन वाटा: काचेची कड, मागचं झाकण, आणि चावी (वेळ लावायची कडेची घुंडी) किंवा बटणं. तिन्ही ठिकाणी रबराची बारीक रिंग, म्हणजेच वॉशर, असते. नवी असताना तिचा छेद गोल असतो आणि ती खोबणीत दबून बसते. ऊन, घाम आणि मीठ खाऊन काही वर्षांत ती चपटी होते आणि उलट दाबून धरायची तिची ताकद जाते. झाकण उघडल्यावर हे डोळ्यांना दिसतं: टोकदार चिमट्याने रिंग बाहेर काढली तरी ती फिती­सारखी चपटीच राहते, आणि बोटांत वाकवली की बाहेरच्या बाजूला केसासारख्या भेगा उमटतात. चावीच्या दांड्यावरच्या रिंगचे हाल त्याहून वाईट. समुद्राचं पाणी तिथे सुकलं की मिठाचे कण दांड्याला चिकटतात, आणि पुढच्या वेळी तारीख बदलायला चावी ओढली की तेच कण रबर खरवडतात.

तेव्हा तुमच्या कामाला चावीच नसलेलं, रेझिनचं, किमान १०० मीटरचं डिजिटल घड्याळ बरं. कॅसिओचं डब्ल्यू-८००एच किंवा एई-१२००डब्ल्यूएच पाहा. दोन्ही १०० मीटरची, आणि दोन्हींचा सेल कंपनीच्या हिशेबाने १० वर्षं जातो. सेलचं हे आयुष्य निव्वळ सोयीचं नाही: झाकण जितक्या कमी वेळा उघडेल तितकं घड्याळ कोरडं राहील. बजेट थोडं ताणता आलं तर जी-शॉकचं डीडब्ल्यू-५६००, २०० मीटरचं. त्याची काच भोवतालच्या कडेपेक्षा खोल बसवलेली आहे, त्यामुळे खडकावर हात आपटला तरी आधी कड लागते. १९८३ साली पहिलं जी-शॉक आलं तेव्हा उद्दिष्टच तसं होतं: १० मीटरवरून पडून चालावं, १० बार दाब सोसावा, सेल १० वर्षं जावा.

काटेच हवे असतील तर आट्याची चावी असलेलं घ्या, उदाहरणार्थ कॅसिओचं एमडीव्ही-१०७. तेही २०० मीटरचं. आट्याची चावी पूर्ण आवळली तरच कामाची. अर्धा फेरा सुटा राहिला तर ती साध्या चावीहून बरी नाही. एमआरडब्ल्यू-२००एचवर फिरती कडी दिसते म्हणून बरेच जण त्याला पाणबुड्याचं घड्याळ समजतात. ते १०० मीटरचं, साध्या चावीचं आहे. पोहायला चालेल, पण ओल्या हाताने चावी ओढायची नाही.

धातूच्या घड्याळाच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढंच कोरलं असेल तर सावध राहा. याचा अर्थ झाकण तेवढं स्टीलचं, बॉडी दुसऱ्याच धातूची, बहुधा पितळेवर मुलामा. खाऱ्या पाण्यात पट्ट्याच्या पिनेजवळ आणि झाकणाच्या खोबणीत मुलाम्याला फोड येतात. खोबणीच खडबडीत झाली की नवीन वॉशर टाकूनही पाणी अडत नाही आणि घड्याळ बाद होतं. स्टील घ्यायचंच तर पूर्ण स्टीलचं, ३१६एल प्रतीचं. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाने पडणारे खड्डे रोखतं. आणि नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ लिहून आकडाच नसेल, तर ते घड्याळ हात धुण्यापुरतं आणि पावसाच्या शिंतोड्यांपुरतं आहे असं समजा.

प्रश्न: म्हापशात सेल बदलून आणला आणि महिन्याभरात काचेखाली वाफ धरली. त्याआधी तेच घड्याळ तीन वर्षं शापोऱ्याच्या पाण्यात होतं, काही झालं नाही. सेल बदलताना नक्की काय बिघडतं? (वाचक, शिवोली)

पाण्यात वापरायची बहुतेक घड्याळं सेल बदलतानाच मरतात. झाकण काढल्यावर जुनी चपटी रिंग तशीच परत बसवली, किंवा ती खोबणीतून अर्धी बाहेर येऊन झाकणाखाली चेपली, किंवा खोबणीत एक केस, पट्ट्याचा एक धागा राहिला, तरी पुरे. पाण्याला तेवढी फट भरपूर होते.

घड्याळजीकडे बसून हे करून घ्या. खोबणी लाकडी काडीने किंवा मऊ ब्रशने साफ झाली पाहिजे. वॉशर नवा हवा, त्याच व्यासाचा आणि त्याच जाडीचा, ०.१ मिलिमीटरचा फरकही झाकण नीट बसू देत नाही. त्याला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. चमक दिसेल इतपत पुरे. लोंदा भरला तर तो आत जातो. व्हॅसलीन नको, आपल्याकडच्या उन्हात ते पातळ होऊन पसरतं. चार स्क्रूंचं झाकण असेल तर स्क्रू एकामागोमाग एक न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, नाहीतर झाकण एका बाजूला तिरकं बसतं.

मग दाबाची चाचणी. कोरड्या यंत्रात घड्याळाभोवती हवेचा दाब वाढवतात आणि बॉडी किती दबली ते मोजतात. हवा आत शिरत असेल तर बॉडी हळूहळू पूर्ववत होते आणि गळती कळते. ओल्या चाचणीत घड्याळ आधी पाण्याच्या वर दाबाच्या हवेत ठेवतात, मग पाण्यात बुडवून दाब उतरवतात. हवा आत शिरली असेल तर फटीतून बुडबुडे येतात, आणि कुठून येतात तेही दिसतं. बुडबुडा दिसताच घड्याळ लगेच वर घ्यायचं, नाहीतर तीच चाचणी पाणी आत ओढते. प्रत्येक दुकानात हे यंत्र नसतं. सेल बदलायच्या आधी विचारा, नंतर नाही.

तुमच्या वाफेचं आणखी एक कारण असू शकतं. सेल जुलैत, दार उघड्या दुकानात बदलला का? ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा आत कोंडली, तर काच २८ अंशांच्या जरा खाली जाताच वाफ धरते. एसीत बसलं किंवा बर्फाच्या पेटीत हात घातला की झालं. एसीच्या खोलीत, २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत झाकण बंद केलं तर तेच १३ अंशांपर्यंत होत नाही. वाफ दहा मिनिटांत आपोआप जात असेल आणि बाहेरचं पाणी लागण्याशी तिचा संबंध नसेल, तर कोरड्या खोलीत झाकण उघडून बंद करून घेतलं की काम भागतं. पाण्यात गेल्यावरच येत असेल तर वॉशर.

घरी शहानिशा करायची असेल तर मानकातलीच एक युक्ती आहे. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करा. उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यावर होतं, तव्यावर किंवा उकळत्या पाण्यात नाही. काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. आतून धुकं राहिलं तर आत ओल आहे.

प्रश्न: खारं पाणी आत गेलंच तर पहिल्या तासात काय करावं? घरात सगळे तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगतात. (वाचक, कुंकळ्ळी)

तांदूळ भाताला ठेवा. पाणी सुकलं तरी मीठ आतच राहतं आणि काम तेच बिघडवतं. सेलवर चालणारं घड्याळ असेल तर सेल आधी काढा. वीज वाहत असताना खाऱ्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या काही तासांत हिरव्या पडतात. झाकण स्वतः उघडता येत नसेल तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. तो मशीन शुद्ध पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सुकवेल. हेअर ड्रायर चालवू नका, वाफ आणखी आत ढकलली जाते. चावी देऊन चालणारं घड्याळ असेल तर घाई अधिक: आतले स्टीलचे बारीक भाग दुसऱ्या दिवशी गंजू लागतात.

प्रश्न: पागेर (फेकायचं जाळं) टाकताना घड्याळ जाळ्यात अडकतं, आणि एकदा पट्ट्याची पिन तुटून घड्याळच नदीत गेलं. उपाय आहे का? (वाचक, काणकोण)

आहे, आणि तो घड्याळापेक्षा पट्ट्यात आहे. पागेराची दोरी ज्या मनगटाला गुंडाळता त्या हातात घड्याळ घालायचं नाही; जाळं भरून ओढताना दोरीचा फास घसरतो तो थेट पिनेवर. दुसऱ्या हातातही बॉडी गुळगुळीत हवी. दातेरी फिरती कडी, बाहेर आलेली चावी आणि धातूच्या पट्ट्याचं कुलूप, तिन्हींत जाळ्याचे आस (भोकं) अडकतात. धातूच्या पट्ट्याच्या दुव्यांत तंगूसही (गरीचा नायलॉन धागा) चिमटतो.

पट्टा नायलॉनचा, एकाच लांब फितीचा घ्या, जो दोन्ही पिनांखालून सरळ ओवला जातो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकत राहतं. दोन तुकड्यांच्या पट्ट्यात पिन तुटली की घड्याळ गेलं. मात्र सगळ्या घड्याळांना असा पट्टा बसत नाही. रेझिनच्या पुष्कळ मॉडेलांना खास आकाराचा पट्टा लागतो, तेव्हा घड्याळ घेतानाच पिनांमधलं अंतर आणि फट बघा. १८, २० आणि २२ मिलिमीटरचे पट्टे सहज मिळतात. पिना स्टीलच्या जाड, दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या घ्या आणि दरवर्षी बदला. पिन बाहेरून चकचकीत दिसते. तिच्या आतली स्प्रिंग खाऱ्या पाण्याने गंजते आणि टोक आत दबून राहतं. नखाने दोन्ही टोकं दाबून पाहिली की उसळी आहे का ते कळतं.

नायलॉन खारं पाणी धरून ठेवतो आणि वास मारतो, म्हणून धुवावा लागतो. सिलिकॉनचा पट्टा टिकतो पण ताण आल्यावर छिद्रापाशी फाटतो. रेझिनचा पट्टा काही वर्षांत उष्म्याने कडक होऊन तडकतो. संध्याकाळी खाडीवर डासांसाठी मलम लावत असाल तर त्यात डीट आहे का पाहा. ते प्लास्टिकची काच आणि रेझिन खातं. आधी मलम लावा, हात पुसा, मग घड्याळ घाला. चामड्याबद्दल लिहायचीही गरज नाही.

प्रश्न: भरती-ओहोटी दाखवणारं घड्याळ गोव्यात खरं ठरतं का? त्यासाठी जास्त पैसे मोजावेत का? (वाचक, वास्को, असाच प्रश्न सावर्डे इथूनही)

वेळेला बऱ्यापैकी, उंचीला नाही. हे घड्याळ समुद्र मोजत नाही. चंद्र डोक्यावर आल्यापासून तुमच्या जागी भरती यायला किती वेळ लागतो तो आकडा तुम्ही भरता, आणि पुढे ते १२ तास २५ मिनिटांच्या ठेक्याने आलेख काढत जातं. कोकणपट्टीत तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढायचा हिशेब आहे, त्याचंच हे यंत्र. तिथे तिथीला ४५ मिनिटं धरतात, चंद्र रोज सरासरी ५० मिनिटांनी उशिरा येतो.

अडचण अशी की गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. घड्याळ दोन्ही सारख्याच दाखवतं. खडकावरचे शिनाणे किंवा वाळूतल्या तिसऱ्या हे शिंपले काढायला पाणी किती सुकेल ते कळणं गरजेचं, आणि नेमकं तिथेच ते कमी पडतं. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांचा फरकही ते ढोबळपणे दाखवतं. शिवाय नदीत भरती आत जाता जाता उशिरा पोचते. मांडवीत भरतीचं पाणी गांजेपर्यंत, मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जातं. मुरगावचा आकडा भरून नदीत आत सावर्ड्याला गरी टाकली तर वेळ चुकणारच.

घेतलंच तर असं बसवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगावची वेळ मिळते. आधी घड्याळ त्या वेळेला जुळवा. मग आपल्या जागी काठावरच्या दगडावर खूण करून तीन-चार भरत्यांना पाणी सर्वांत वर कधी आलं ते लिहून ठेवा, आणि सरासरी उशीर घड्याळात मिळवा. वाऱ्याच्या आणि पुराच्या दिवसांतली नोंद धरू नका. एवढं करायची तयारी नसेल तर ते पैसे २०० मीटरच्या साध्या मॉडेलला घाला आणि तक्ता खिशात ठेवा. चंद्रावरून मासे कधी लागतील ते दाखवणारी माशांची चित्रं काही मॉडेलांत असतात. ती बघून आम्ही तरी आमिषाचा खर्च ठरवणार नाही.

प्रश्न: कांपालच्या तलावात रोज पोहते. स्मार्टवॉच चालेल का? तेच घालून रविवारी मिरामारला समुद्रात गेले तर? (वाचक, पणजी)

५ एटीएम, म्हणजे ५० मीटर, लिहिलेलं स्मार्टवॉच तलावाला चालतं. नुसतं आयपी ६८ असेल तर घालू नका. ती उभ्या पाण्यात बुडवून घेतलेली चाचणी आहे, आणि खोली व वेळ कंपनीच ठरवते. पाण्यात शिरण्याआधी वॉटर लॉक लावा, नाहीतर पाण्याचे थेंब पडद्यावर बोटासारखी बटणं दाबत राहतात. क्लोरीनपेक्षा नंतरचा गरम शॉवर आणि शांपू घातक: साबणाने पाण्याचा ताण कमी होतो आणि ते बारीक फटीत सहज शिरतं, गरम पाण्याने रबर मऊ पडतं. घड्याळ काढून मग आंघोळ करा.

समुद्रातून आल्यावर साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. मागच्या चार्जिंगच्या ठिपक्यांवर जुना मऊ टूथब्रश फिरवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जरला लावू नका; ओल्या खाऱ्या ठिपक्यांतून वीज गेली की ते खड्डे पडून काळे होतात. हाच धुण्याचा रिवाज बाकी सगळ्या घड्याळांनाही लागू. फिरती कडी असेल तर ती पाण्यातच दोन फेरे फिरवा, खालची वाळू निघते. बटणं मात्र पाण्यात दाबायची नाहीत.

प्रश्न: वडिलांचं एचएमटी चावीचं घड्याळ आहे. नवीन वॉशर घालून ते पोहायला वापरता येईल का? (वाचक, डिचोली)

नाही. नुसत्या नव्या वॉशरने ते पोहायचं घड्याळ होत नाही.

प्रश्न: नीलमणी काच घ्यावी की साधी? आणि रात्री गरी टाकताना वेळ दिसायला काय बरं? (वाचक, केरी)

नीलमणी काचेला वाळूचा ओरखडा जवळजवळ पडत नाही, पण खडकावर आपटली तर साध्या मिनरल काचेपेक्षा ती फुटायची शक्यता जास्त. खडकावर उभं राहणाऱ्याने मिनरल घ्यावी. ओरखडे पडले तर काच बदलून मिळते. रात्रीसाठी लोक ज्याला ‘रेडियम’ म्हणतात तो आताचा रंग किरणोत्सारी नसतो. तो प्रकाश पिऊन चमकतो, म्हणून अंधार पडण्याआधी मिनिटभर टॉर्च मारा. स्वस्त घड्याळात तो तासाभरात मंद होतो, जाड थर असलेल्यात पहाटेपर्यंत अंधुक दिसतो. डिजिटलमध्ये दिव्याचं बटण मोठं, पुढच्या बाजूला असलेलं घ्या. कडेचं बारीक बटण हातमोज्यात सापडत नाही आणि ओल्या बोटाने चुकून दुसरंच दाबलं जातं.